भाच्याला अमेरिकेत इंडिपेंडंट लीग बेसबॉल खेळायचंय, हे कितपत खरं? जाणकारांनी सांगा

बिबवेवाडीचा_मामा

नमस्कार मंडळी. क्रिकेटच्या विभागात बेसबॉलचा प्रश्न टाकतोय, कारण बेसबॉलचा विभागच इथे नाही. चुकीच्या जागी असेल तर ॲडमिननी हलवावा.

माझा भाचा, बहिणीचा मुलगा, वय १९. टिळक रोडवरच्या एका कॉलेजात एस.वाय. बी.कॉम.ला आहे. शाळेत पाचवीपासून सॉफ्टबॉल, अकरावीपासून बेसबॉल. पिचर आहे. स्टेट खेळलाय, विद्यापीठाकडून ऑल इंडियाही खेळून आला. दहावीला खेळाचे ग्रेस मार्क मिळाले तेव्हा घरात सगळ्यांना हा खेळ फार आवडायचा. आता तसं राहिलेलं नाही. मला स्वतःला त्यातलं विशेष कळत नाही. मॅचला जातो, तो चेंडू टाकतो, समोरचा हुकला की आम्ही टाळ्या वाजवतो.

गेल्या महिन्यात इन्स्टाग्रामवरून एका माणसाने त्याच्याशी संपर्क केला. म्हणे अमेरिकेत मेजर लीगच्या खाली मायनर लीग असते आणि या दोन्हींच्या बाहेर 'इंडिपेंडंट' लीगा असतात. तिथे ड्राफ्ट (मोठे संघ दरवर्षी पाळीपाळीने नवी पोरं निवडतात तो) वगैरे भानगड नाही, ट्रायल द्यायची आणि थेट खेळायचं. तीन आठवड्यांचा कँप, त्यात स्काउट म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणारे येणार, पोरगा पसंत पडला तर जागच्या जागी करार. फी साडेचार लाख, विमानाचं तिकीट आपलं आपण. व्हिसा टुरिस्टचा काढा म्हणाला, 'बाकीचं तिकडे गेल्यावर बघून घेऊ.' भाच्याचा चेंडू रडार गनवर १२६ किलोमीटर भरलाय. त्यावर तो म्हणतो, चांगला आहे, तिकडची हवा लागली की वाढतो.

दाजींची पिठाची गिरणी आहे. बहीण एफ.डी. मोडायला निघाली आहे आणि दाजी तीन दिवस जेवणाच्या वेळी एक शब्द बोललेले नाहीत. दोघांनी मला विचारलं, कारण घरात इंटरनेटचं मीच बघतो.

तर तिथे ही पोरं राहतात कशी, खातात काय, पगार किती, आणि या इंडिपेंडंटमधून कुणी खरंच वर जातं का? कुणी जवळून पाहिलं असेल त्यानेच सांगा. यूट्यूब बघून मीही सांगू शकतो.

---

पेठेतला_पेन्शनर

साडेचार लाखांत गिरणीला नवी मोटर बसेल आणि वर शेवयांचं मशीन येईल. आमच्या वेळी मुलं घरातून पळून जायची, पण फुकटात जायची. खेळायचंच असेल तर क्रिकेटची एमपीएल आहे, गहुंज्याला, पहाटे निघालं की दुपारी घरी. बाकी चालू द्या.

---

ट्रॉयची_काकू

मामा, पेन्शनरांचं मनावर घेऊ नका, ते प्रत्येक धाग्यावर असेच असतात. मी जवळून पाहिलंय. अगदी माझ्या फ्रिजपर्यंत. लांबलचक सांगणार आहे, चहा घेऊन बसा.

आता आम्ही सहकारनगरला परत आलोय, पण ह्यांच्या नोकरीमुळे बरीच वर्षं न्यूयॉर्क राज्यात काढली. शहरात नव्हे, तिथून मोटारीने तीन तास वर, ऑल्बनीच्या बाजूला. नदीपलीकडे ट्रॉय म्हणून गाव आहे. तिथल्या कम्युनिटी कॉलेजच्या आवारात साडेचार हजार माणसं बसतील असं छोटं स्टेडियम आहे आणि संघाचं नाव ट्राय-सिटी व्हॅलीकॅट्स. लेकीच्या मैत्रिणीच्या आईने एकदा विचारलं, उन्हाळ्यात एखादा खेळाडू घरी ठेवाल का? त्याला तिथे होस्ट फॅमिली म्हणतात. एक खोली, धुण्याच्या मशीनची मुभा आणि फ्रिज उघडायची परवानगी. भाडं घ्यायचं नाही. बदल्यात मॅचची तिकिटं. हे 'विचार करू' म्हणायच्या आत मी हो म्हणून टाकलं.

तुम्हाला उपयोगी पडेल ती गोष्ट अशी, की मी त्याच मैदानावर दोन्ही प्रकार पाहिले. आधी व्हॅलीकॅट्स ह्यूस्टन ॲस्ट्रोज या मेजर लीग संघाशी जोडलेला होता. म्हणजे खरी मायनर लीग. खेळाडू ह्यूस्टनचे, पगार ह्यूस्टनचा, कोच त्यांचे, कोणाला खेळवायचं आणि कोणाला बसवायचं हेही तेच ठरवणार. ट्रॉयच्या मालकांनी मैदान, तिकीट आणि हॉटडॉग बघायचं. होसे अल्टुवे २००९ साली इथेच खेळून गेला. साडेपाच फुटांचा माणूस. व्हेनेझुएलात पहिल्यांदा ट्रायलला गेला तर बुटका म्हणून परत पाठवला होता, मग पंधरा हजार डॉलरवर घेतला. आमच्या गल्लीतली एक आजी त्याला जेवू घातल्यासारखी त्याच्याबद्दल बोलायची.

आमच्याकडे आलेला पहिला मुलगा डॉमिनिकन रिपब्लिकचा होता. इंग्रजी 'गुड', 'थँक यू' आणि 'फास्टबॉल' एवढंच. पहिले दोन दिवस नुसता ब्रेड खाऊन राहिला. तिसऱ्या दिवशी मी चवळीची उसळ आणि भात केला होता, तो ताटात बघून त्याने जे काही स्पॅनिशमध्ये म्हटलं ते मला कळलं नाही, पण कुकर रिकामा झाला. त्यांच्याकडे रोजचं जेवण भात, कडधान्य आणि मटण-चिकन असंच असतं. पगार आठवड्याला तीनशे डॉलरच्या आत, तोही फक्त सीझन चालू असताना. त्यातले तो आईला पाठवायचा. क्लबहाउसमध्ये कपडे धुणाऱ्या, जेवण लावणाऱ्या माणसाला त्यातूनच द्यायचे. पण एक होतं, बूट, बॅट, डॉक्टर, खांद्याची मालिश, सगळं संघाकडून. त्याच्या हातावर कोणीतरी पैसे लावले होते, म्हणून तो हात जपला जात होता.

मग २०२०च्या शेवटी मेजर लीगने कात्री चालवली. चाळीसहून अधिक गावांचे संघ तोडले आणि १२० ठेवले, प्रत्येक मोठ्या संघाखाली चार. ट्रॉय तुटलेल्यांत. मालकांनी दार बंद न करता २०२१पासून फ्रंटियर लीगमध्ये नाव घातलं. ही तुमची इंडिपेंडंट. मैदान तेच, मांजराचा मॅस्कॉट तोच, शुक्रवारचे फटाके तेच. माणसं मात्र वेगळी यायला लागली.

आता घरी यायचे ते पंचवीस-सव्वीसचे. बहुतेकांना कुठल्या ना कुठल्या मेजर लीग संघाने आधी घेऊन सोडलेलं, किंवा कॉलेजात चार वर्षं उत्तम खेळून ड्राफ्टमध्ये नाव न आलेलं. (ड्राफ्टही आधी चाळीस फेऱ्यांचा असायचा, आता वीसच. म्हणजे ही गर्दी आणखी वाढली.) आमचा एक ओहायोचा पिचर होता. डबल-ए पर्यंत, म्हणजे मायनर लीगच्या वरून दुसऱ्या पायरीपर्यंत जाऊन आलेला. हिवाळ्यात गोदामात खोकी चढवायचा आणि संध्याकाळी लहान मुलांना पिचिंग शिकवायचा, त्या पैशांवर उन्हाळा खेळायचा. फ्रंटियर लीगमध्ये नवख्याला महिन्याला हजार डॉलरसुद्धा मिळत नसत. तुमच्या त्या इन्स्टाग्रामवाल्याने हे सांगितलं का? रुपयांत मोजून खूश होऊ नका, तिथे एका खोलीचं भाडं त्याहून जास्त असतं. ही सगळी लीग लोकांच्या रिकाम्या खोल्यांवर चालते. ज्यांची मुलं कॉलेजला गेली अशा आयांनी नाही म्हटलं तर लीग बंद पडेल, हे मी गंमतीने म्हणत नाहीये.

प्रवासाचं विचारलंत नाहीत पण सांगते. आपल्या नाटक कंपन्यांचे दौरे बघितलेत ना, रात्री कोल्हापूरचा प्रयोग संपवून सेट गाडीवर टाकायचा आणि सकाळी नाशिकला उतरायचं, तसंच. फक्त इथे प्रयोग उन्हाळाभर जवळजवळ रोज, शंभराला चार कमी. क्यूबेक आणि ओटावाचे संघ याच लीगमध्ये, म्हणजे मध्यरात्री कॅनडाच्या सीमेवर बस थांबवून सगळ्यांना उठवायचं, पासपोर्ट दाखवायचे. शिकागोच्या बाजूला जायचं तर बारा-चौदा तास. उंच पिचर लोक बसच्या मधल्या वाटेत चादर घालून झोपायचे. आमचा ओहायोवाला पहाटे चारला यायचा आणि ह्यांची झोप मोडू नये म्हणून जिना मोज्यांवर चढायचा. पायरी तरी कुरकुरायचीच.

आणि स्पर्धा. ती समोरच्या संघाशी असते असं मला आधी वाटायचं. लीगचा नियम असा की संघात इतके नवखे हवेतच, आणि फार अनुभवी माणसं ठराविकच ठेवता येतात. म्हणजे तुम्ही चांगले खेळताय, पण तुमचा एक सीझन वाढला आणि वर्ग बदलला, तर मॅनेजरला तुमची जागा दुसऱ्याला द्यावी लागते. शिवाय वरून कोणी मोठ्या संघातून सुटून आला की आपल्यातला एक जाणार. आमच्या पाहुण्याला जुलैत मॅचच्या आधी आत बोलावलं आणि सोडल्याचं सांगितलं. त्याचे आकडे वाईट नव्हते, तरी. संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर गाडीत सामान भरलेलं. ज्याच्यासाठी त्याला काढलं तो नवा मुलगा राहायला कुठे आला असेल? आमच्याकडेच. त्याच खोलीत. चादरी बदलल्या आणि रात्री त्याच्यासाठी पराठे केले. मला दोन्ही दिवस एकाच वेळी वाईट आणि उत्सुक वाटत होतं, ह्याला काय म्हणायचं ते म्हणा.

या मुलांची कीव मात्र करू नका. मी करायचे तेव्हा ती चिडायची. त्यांना ठाऊक असतं की वर जाणारे फार थोडे, आणि तरी प्रत्येकाला असा एक माणूस माहीत असतो. डॅनिएल नावा हे त्यांचं दैवत. कॉलेजच्या संघात जागा मिळाली नाही म्हणून संघाचे कपडे धुण्याचं काम करत राहिलेला पोरगा. पुढे चिको आउटलॉज नावाच्या इंडिपेंडंट संघाकडून बोस्टन रेड सॉक्सने त्याला एका डॉलरला घेतला. टिकला तर आणखी देऊ अशा बोलीवर. १२ जून २०१०ला मेजर लीगमधल्या आयुष्यातल्या पहिल्याच चेंडूवर त्याने ग्रँड स्लॅम मारला, म्हणजे तिन्ही बेस भरलेले असताना होम रन, एका फटक्यात चार धावा. हे खरं आहे, सिनेमा नाही. डेव्हिड पेराल्टा दुसरा. कार्डिनल्स या मेजर लीग संघाने पिचर म्हणून सोडला, तर मॅकडोनाल्डमध्ये काम करून टेक्ससमधल्या इंडिपेंडंट संघांतून बॅटर म्हणून परत आला आणि २०१४ला ॲरिझोनाकडून मेजर लीग खेळला.

आणि आमच्याच मैदानावरचा कुमार रॉकर. आई भारतीय वंशाची, आजी-आजोबा आंध्राचे. २०२१ला न्यूयॉर्क मेट्सने दहाव्या क्रमांकावर निवडला, मग वैद्यकीय तपासणीनंतर करारच केला नाही. २०२२च्या जूनमध्ये तो ट्रॉयला फ्रंटियर लीगमध्ये पिचिंग करत होता. मॅच पाचच, पण तो टाकणार त्या दिवशी होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेच्या) मागच्या रांगांत रडार गन घेतलेल्या माणसांशिवाय कोणाला जागा नसायची. महिन्याभरात टेक्सस रेंजर्सने तिसऱ्या क्रमांकावर घेतला, बावन्न लाख डॉलर बोनस. २०२४च्या सप्टेंबरात मेजर लीगमध्ये उतरला. तुमचा एजंट हेच उदाहरण देणार, लिहून घ्या. पण रॉकर ट्रॉयला आला तेव्हा त्याने आधीच कॉलेजातली राष्ट्रीय स्पर्धा गाजवलेली होती. त्याला फक्त खांदा धड आहे हे दाखवायचं होतं. इंडिपेंडंट लीग ही अशांसाठी आहे. ज्यांचं नाव एकदा कुठेतरी लागलेलं आहे, त्यांनी ते परत लावून घ्यायची जागा. पहिल्यांदा हातात घेऊन शिकवायला तिथे कोणाला वेळ नाही आणि पैसाही नाही.

फार झालं. कुकर लावायचाय.

---

बिबवेवाडीचा_मामा

काकू, हात जोडतो. बहिणीला फोनवर सगळं वाचून दाखवलं. मोजे घालून जिना चढणाऱ्या पोरापाशी ती रडली, आणि भाचा म्हणतो, 'बघ, म्हणजे राहायची सोय होते.' आता काय बोलणार.

तुमचं भाकीत अर्धं खरं ठरलं. एजंटने रॉकरचं नाही, रिंकू सिंगचं (क्रिकेटवाला नव्हे, बेसबॉलवाला) उदाहरण दिलंय. यूपीचा मुलगा गेला, मग महाराष्ट्राचा का नाही, असं.

---

फक्की_आणि_बेस

मी पुण्यात बेसबॉल-सॉफ्टबॉल शिकवतो. रिंकूचं नाव निघालं की मी थोडा तापतो, आधीच माफी.

रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघे लखनौच्या स्पोर्ट्स हॉस्टेलचे भालाफेकपटू. २००८ला अमेरिकनांनी भारतभर फिरून वेगाने फेकणारे हात शोधले. हजारो पोरं आली, रिंकू जिंकला, त्याला एक लाख डॉलर बक्षीस मिळालं. मग लॉस एंजेलिसला नेऊन टॉम हाउससारख्या नावाजलेल्या पिचिंग कोचकडे महिनोन्महिने शिकवलं आणि नोव्हेंबर २००८ला पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना करार दिला. यात त्यांनी किंवा त्यांच्या बापाने भरलेली रक्कम शून्य. हे उदाहरण साडेचार लाख मागणाऱ्याच्या तोंडात शोभत नाही.

पुढचंही सांगा त्याला. दिनेशला २०१०ला सोडला. रिंकू टिकला, जुलै २००९ला अमेरिकेत व्यावसायिक सामना जिंकणारा पहिला भारतीय झाला, वेस्ट व्हर्जिनियापर्यंत म्हणजे सिंगल-ए पर्यंत चढला, मग दुखापती, कोपराचं ऑपरेशन, आणि पुढे काही वर्षं वीर महान नावाने कुस्तीच्या शोमध्ये दिसला. इतकी गुंतवणूक, इतका हात, इतकी मेहनत, आणि तरी मेजर लीगच्या खाली अजून तीन पायऱ्या बाकी होत्या.

आता तुमच्या भाच्याचे १२६. म्हणजे ७८ मैल. मेजर लीगमध्ये सरासरी फास्टबॉल ९४ मैलांच्या आसपास, आपले १५१ किलोमीटर. फ्रंटियरसारख्या लीगमध्ये टिकायलाही ९० च्या घरात लागतं. १९व्या वर्षी ७८ वाईट नाही, मी ऐकून कान टवकारले हे कबूल करतो. पण 'तिकडची हवा लागली की' वाढत नाही. वाढतो तो पाय, कंबर आणि पाठीच्या ताकदीने, आणि वर्षभराच्या शिस्तीने. आपल्याकडची अडचण वेगळीच आहे. आपले बहुतेक पिचर क्रिकेटच्या मैदानावर एका कोपऱ्यात फक्की मारून खेळतात. माउंड, म्हणजे पिचर उभा राहतो तो मातीचा उंचवटा, नसतो. दहा इंच उंचीवरून उताराला पाय टाकायचा तो पोरगा सपाटीवर शिकतो, मग नॅशनलला खरा माउंड मिळाला की पाऊल पुढे पडतं आणि चेंडू कॅचरच्या डोक्यावरून जातो. मी प्लायवूडचा एक माउंड बनवून घेतलाय. दोन जण उचलतात, तिसरा शिव्या देतो.

एक आडवी गोष्ट. इंडिपेंडंट खेळाडूंना मेजर लीग कशी वापरते बघा. अंपायरऐवजी यंत्राने स्ट्राइक (चेंडू ठरलेल्या चौकटीतून गेला का ते) ठरवायचा प्रयोग मेजर लीगने पहिल्यांदा कुठे केला? अटलांटिक लीग या इंडिपेंडंट लीगच्या २०१९च्या ऑल-स्टार सामन्यात, पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कला. २०२१ला त्याच लीगमध्ये पिचरचं साठ फूट सहा इंचांचं अंतर एक फुटाने वाढवून पाहिलं. उभं आयुष्य एका अंतरावर घडवलेले हात, आणि म्हणे बघू काय होतं. मोठ्या खेळाडूंवर असा प्रयोग केला असता तर दुसऱ्या दिवशी युनियन दारात.

युनियनवरून, मायनर लीगवाल्यांचे दिवस खरंच बदललेत. २०२२ला ते खेळाडूंच्या युनियनमध्ये आले आणि २०२३च्या मार्चअखेर पहिला करार झाला. सिंगल-एला वर्षाला किमान ११,००० डॉलर होते ते २६,२०० झाले, ट्रिपल-एला १७,५०० चे ३५,८००. राहायची सोय २०२२पासून संघाने करायची. वर मेजर लीगमध्ये २०२५ला किमान पगारच ७,६०,००० होता, त्यामुळे ट्रिपल-एतून एक पायरी चढणं म्हणजे काय ते समजून घ्या. पण ही वाढ जोडलेल्या संघांना. काकूंच्या ओहायोवाल्याला यातला एक डॉलर लागू नाही.

---

ट्रॉयची_काकू

सर, छान लिहिलंत. माउंडचं मला माहीत नव्हतं.

मामा, आता व्यवहाराचं. ड्राफ्ट फक्त अमेरिका, कॅनडा आणि पोर्टो रिकोच्या मुलांना. तुमच्या भाच्याला मेजर लीगचा कुठलाही संघ भारतात येऊन थेट करार देऊ शकतो. सोळा वर्षं पूर्ण हवीत, ती आहेत. असा करार झाला की पैसे ते देतात, व्हिसाही तेच काढतात, पी-१ नावाचा. टुरिस्ट व्हिसावर पगार घेऊन खेळता येत नाही. ट्रायलला पसंत पडला तरी तिथल्या तिथे करार करून बसमध्ये बसवता येत नाही. 'बाकीचं तिकडे बघून घेऊ' या वाक्यात नेमकं हेच लपवलंय. पकडला गेला तर पुढे शिक्षणासाठी व्हिसा मागतानाही त्रास.

पैसे भरून घेणारे कँप तिथेही असतात आणि सगळे खोटे नसतात, हेही सांगते. आमच्याकडे आलेल्या एकाने असाच कँप करून जागा मिळवली होती. पण तो अमेरिकन, गाडीतून आला, दोन दिवस ट्रायल दिली, नाही जमलं असतं तर गाडीतूनच घरी गेला असता. साडेचार लाख आणि एफ.डी. घेऊन कोणी आलं नव्हतं.

त्या माणसाला लेखी विचारा: कोणता संघ, कोणत्या लीगचा, त्या संघाच्या ऑफिसचा ईमेल कुठला? करार झाला तर कोणता व्हिसा आणि तो कोण काढणार? आजपर्यंत त्याने पाठवलेल्यांपैकी कोणता मुलगा कुठल्या संघाच्या यादीत दिसतो? संघांच्या याद्या इंटरनेटवर उघड असतात, नाव घातलं की आकड्यांसकट येतं. आमच्याकडे आठच दिवस राहिलेल्या मुलाचंसुद्धा येतं.

आणि भाच्याला म्हणावं, राहायची सोय होते हे खरं. पण ती सोय शहराच्या संघाने सांगितल्यावर होते. एजंटने सांगितल्यावर मी दार उघडलं नसतं.

---

फक्की_आणि_बेस

पर्याय विचाराल म्हणून लिहितो. एक, अमेरिकेतलं ज्युनिअर कॉलेज. दोन वर्षांचं असतं, विद्यार्थी व्हिसा, बेसबॉलचे संघ जोरदार, काही ठिकाणी खेळाची शिष्यवृत्ती. तिथे शिकायला लागलं की ड्राफ्टलाही पात्र होतो. खर्च येतोच, पण परत आला तर हातात निदान मार्कशीट असते. कोचला व्हिडिओ पाठवायचे, त्याला कोणाला फी लागत नाही. इंग्रजी आणि मार्क लागतात.

दोन, दुबई. बेसबॉल युनायटेडचा पहिला हंगाम २०२५च्या नोव्हेंबरात सुरू झाला, चारच संघ, त्यात मुंबई कोब्राज आणि कराची मोनार्क्स. अमेरिकेत मायनर-मेजर खेळून आलेल्यांच्या बरोबरीने आपल्या भागातल्या मुलांनाही घेतात. विमान तीन तासांचं. नवी लीग आहे, किती टिकेल यावर मी पैज लावणार नाही, पण तिथल्या डगआउटमध्ये बसून पोरगा जे शिकेल ते माझ्याकडे प्लायवूडवर शिकणार नाही.

तीन, जे कोणाला आवडत नाही ते. बी.कॉम. पूर्ण करणं, नॅशनलला पदक आणणं आणि सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाचे नियम नीट वाचणं. कोणती स्पर्धा, कितवा क्रमांक, प्रमाणपत्राची पडताळणी, सगळं बघावं लागतं. माझे काही विद्यार्थी नोकरी करून संध्याकाळी खेळतात. गिरणीवाल्या दाजींना हे पटेल, भाच्याला नाही पटणार.

रविवारी सकाळी साडेसहाला त्याला घेऊन या, ग्राउंडचा पत्ता मेसेज करतो. माझी रडार गन दोन-तीन किलोमीटर कमीच दाखवते, रुसू नये.

---

बिबवेवाडीचा_मामा

एजंटला काकूंचे प्रश्न जसेच्या तसे पाठवले. दोन दिवस उत्तर नाही. काल रात्री मेसेज आला: 'सर, आज बुकिंग केलंत तर पन्नास हजार कमी करतो.' दाजींनी तो मेसेज दोनदा वाचला आणि मग पहिल्यांदा पोटभर जेवले.

एफ.डी. आहे तिथेच आहे. भाचा दोन दिवस कोणाशी बोलत नव्हता, आज मात्र त्याने स्वतःच त्या ज्युनिअर कॉलेजांची यादी काढली. त्यातली दोन टेक्ससमध्ये आहेत, तिथे उन्हाळा पुण्यापेक्षा वाईट असतो म्हणे. रविवारी येतो सर. ग्लोव्हज आणायचा की तिथे आहे?

---

फक्की_आणि_बेस

ग्लोव्हज त्याचाच आणा, हाताला बसलेला असतो. आणि एफ.वाय.ची मार्कशीट.